तळाचं ठिगळ

बोट पाण्यात असते तोवर अर्धी झाकलेली असते. तिचं खरं बिंग फुटतं ते जमिनीवर. सकाळी साडेनऊला क्रेनच्या पट्ट्यांत लोंबकळत ती यार्डात आली, कीलवर, म्हणजे तळाच्या जड पंखावर, उभी राहिली, दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू लागले, आणि चौतीस वर्षांत जिला घरातल्यांनी 'देखणी' याखेरीज दुसरं विशेषण लावलं नव्हतं, तिच्या पोटाला वीतभर हिरवी दाढी फुटलेली सगळ्यांनी पाहिली.

"हिला आंघोळ घातली नव्हती की काय?" आत्याने विचारलं.

"वन्सं, गेले सात महिने मला स्वतःला आंघोळीची आठवण करून द्यावी लागत होती," आई म्हणाली. "बोटीचं काय घेऊन बसलात?"

त्यावर आत्याने तोंड मिटलं. गप्प बसली असं म्हणता येणार नाही. आत्या गप्प बसलेली या घराण्यात अजून कुणी पाहिलेली नाही. ती नुसती श्वास भरून घेत होती.

थोरली बोटीच्या सावलीत उभी राहून हातातल्या कागदावर खुणा करत होती. दहाला तपासनीस. अकराला डॉक्टरबाई. डॉक्टरबाई म्हणजे दातांच्या. त्यांना बोट पसंत होती, भाव ठरला होता, तपासनीस 'ठीक' म्हणाला की दुपारी सह्या. मग आईच्या मागचं धक्क्याचं भाडं सुटणार होतं, दर आठवड्याला बोटीवर जाऊन पाणी उपसणारा पंप चालतोय का बघणं सुटणार होतं, आणि बाबांच्या पश्चात या कुटुंबात उरलेलं सर्वात मोठं भांडणही सुटणार होतं. आई आणि धाकटा विकण्याच्या बाजूचे. आत्या विरोधात. थोरलीने बाजू घेतली नव्हती. तिने कागद घेतला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्याही दुःखाची यादी करता येते, आणि यादी हातात असली की लोक रडायला खांदा मागत नाहीत, पेन मागतात.

"शेवटचं सांगते," आत्या म्हणाली, "बोट विकणं म्हणजे बाळ्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणं आहे."

बाळ्या म्हणजे बाबा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेले तेव्हाही आत्यासाठी बाळ्याच होते.

"आत्या, हे तू गेल्या आठवड्यातही शेवटचंच सांगितलंस," धाकटा म्हणाला.

"मग या आठवड्यातलं शेवटचं."

तपासनीस शिडीने वर चढला; मागोमाग सगळे. उंच, वाकलेला, गळ्यात दोरीला छोटी हातोडी अडकवलेला. माणसांशी बोलताना तो बोटीकडे बघायचा आणि बोटीला हात लावताना "माफ करा हं" असं पुटपुटायचा. आत्याला तो लगेच आवडला आणि आईला लगेच आवडला नाही.

इथे बाबांच्या कायद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. बोटीवर कायदा एकच होता. ज्याच्या हातून मोडेल त्याने स्वतः दुरुस्त करायचं, आणि दुरुस्ती झाली की त्या विषयावर पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही. टोमणा नाही, आठवण नाही, 'मागच्या वेळेसारखं करू नकोस' नाही. एरवी हे घराणं टोमण्यांवर पोसलेलं. एकदा भात करपला तर तो पंधरा वर्षं करपलेला राहायचा. त्यामुळे बोटीवरची ही माफी सगळ्यांना भलतीच मानवली होती. आईने खिडकी फोडली आणि बसवली. धाकट्याने कॉलेजात असताना अख्खं वायरिंग जाळलं आणि नवं केलं. आत्या फोटोसाठी सुकाणूच्या दांड्यावर बसली, दांडा मोडला, मग सहा महिने लाकूड तासून तिने नवा घडवला. ज्याचं त्याचं काम ज्याला त्याला माहीत होतं, आणि प्रत्येकाला त्याचा मनातल्या मनात प्रचंड अभिमान होता.

थोरलीनेही एक काम केलं होतं. ते बाबांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

"ही खिडकी कुणी बसवली?" तपासनिसाने केबिनमधून विचारलं.

"मी," आई म्हणाली. मग कायदा आठवून तिने ओठ आवळले, पण मान ताठच राहिली. "अठरा वर्षं झाली. एक थेंब गळली नाही."

"नाहीच गळणार. सुरेख काम आहे." त्याने चाकूचं टोक चौकटीच्या कडेला फिरवलं. "पण दोनदा केलंय. हा आतला पांढरा थर बघा, माफ करा हं, बोटाने थापल्यासारखा आहे. तो जवळजवळ सगळा खरवडून काढून वर हा काळा भरलाय. काळा ज्याने भरला तो माणूस कामाचा."

आईने पुढे होऊन चौकट निरखली.

"पांढरा माझा," आई म्हणाली.

"काळा?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आईने कोपऱ्यात उरलेल्या त्या पांढऱ्या थरावर बोट ठेवलं. बोट बरोबर बसलं.

"कधी केलं ह्यांनी हे?" ती म्हणाली. "मी तर इथेच असायचे."

"तू दुपारी झोपायचीस, आई," धाकटा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "बाबांनी तुझी खिडकी परत बसवली आणि अठरा वर्षं तुला तिची तारीफ करू दिली! मानलं पाहिजे."

आत्याला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "लहानपणीही असाच होता. मी काढलेली रांगोळी मी आत गेले की पुसून—"

"हे पॅनल कुणाचं?" तपासनिसाने विचारलं.

धाकटा सरसावून पुढे झाला. तो एका मोठ्या हॉस्पिटलात विजेचं बघतो. ऑपरेशन टेबलावरचे दिवे त्याच्या भरवशावर जळतात, आणि हे तो जेवायला बसलेल्या कुठल्याही माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. "माझं. एकोणीस वर्षांचा होतो. बघा, प्रत्येक तारेला चिठ्ठी. नोकरीच्या मुलाखतीत याचा फोटो दाखवला होता मी."

तपासनिसाने चार स्क्रू काढून पॅनल पुढे ओढलं. बॅटरीचा उजेड आत टाकला. बराच वेळ बघितलं.

"चिठ्ठ्या छान आहेत," तो शेवटी म्हणाला.

"आणि?"

"आणि या तारा कुठेच जात नाहीत." त्याने लाल-निळ्या तारांचा नीट बांधलेला गुच्छ हातात धरून अलगद बाहेर काढला. गुच्छ आला. सगळाच आला. फुलदाणीतली फुलं यावीत तसा. "मागे दुसरं वायरिंग आहे. बटणं तुमची, चिठ्ठ्या तुमच्या, पण वीज त्यातून येते. या तारा नुसत्या शोभेला ठेवल्यात. ज्याने केलं त्याने फार हळुवारपणे केलंय, एकही चिठ्ठी फाटलेली नाही."

धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघून आईने तोंडाला पदर लावला. तिला हसायला येत होतं की काय हे थोरलीला कळलं नाही. गेल्या सात महिन्यांत आईच्या तोंडाला पदर लागला की सगळे पाणी आणायला धावत. आज कुणी धावलं नाही.

"मला नोकरी लागली त्यावर," धाकटा म्हणाला. तारांचा गुच्छ त्याच्या हातात होता.

"नोकरी चिठ्ठ्यांवर लागली असेल," आई म्हणाली. "अक्षर चांगलं आहे तुझं."

यानंतर आत्याच्या दांड्याची पाळी येणार हे ओळखून आत्या आपल्या दांड्याशेजारी जाऊन बसली होती. तपासनिसाने खिशातून लोहचुंबक काढला. बाकीचे खिळे-बोल्ट गंजणारे आहेत का हे तो त्याने बघत होता. दांड्यापाशी आल्यावर सहज त्याने चुंबक लाकडाला लावला, आणि टक्कन आवाज होऊन चुंबक लाकडाला चिकटला.

"लाकडाला चिकटतो?" धाकट्याने विचारलं. त्याच्या आवाजात जान परत आली होती.

"लाकडाला चिकटत नाही," तपासनीस म्हणाला. "आत सळई आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. भोक पाडून, सळई घालून, वर लाकडाचीच गुडदी ठोकलीय. इतकी बेमालूम की—"

"खोटं," आत्या म्हणाली. "चुंबक बिघडलाय तुमचा."

"आत्या, चुंबक बिघडत नाही."

"तुझ्या तारा बिघडतात, याचा चुंबक का नाही बिघडणार?" ती उठली, पुन्हा बसली. "सहा महिने तासत होते मी. हाताला फोड आले होते. आणि तो मेला शेजारी बसून म्हणायचा, अक्का, तुझ्या हातात कला आहे."

"तुम्ही पुन्हा त्यावर बसाल अशी भीती वाटली असेल ह्यांना," आई म्हणाली. "सळई त्यासाठी."

एरवी या वाक्यावरून दोन महिने अबोला झाला असता. पण आज तिघांची अवस्था एका वर्गात नापास झालेल्या मुलांसारखी होती, आणि नापासांत एक बंधुभाव असतो. आत्याने आईच्या थर्मासातून चहा ओतून घेतला. धाकट्याने गुच्छ तिच्या मांडीवर ठेवला. तिघं मिळून मेलेल्या माणसाला मनसोक्त नावं ठेवू लागले. ढोंगी, नाटकी, आतल्या गाठीचा, समोर एक आणि मागे पान्हा घेऊन एक. सात महिन्यांत बाबांबद्दल घरात जे जे बोललं गेलं होतं ते सगळं भिंतीवर लावायच्या तसबिरीसारखं होतं. आज पहिल्यांदा ते माणसाबद्दल बोलत होते.

थोरली शिडीवरून खाली उतरली.

तिचं काम खाली होतं. कीलच्या मागे, जिथे शिशाचा तो जड पंख बोटीच्या पोटाला मिळतो, तिथून सहा बोटं मागे.

बावीस वर्षांपूर्वी एका स्वच्छ, निवांत दुपारी बाबा आत झोपले होते आणि सुकाणू तिच्याकडे होतं. तिच्या दुसऱ्या हातात कादंबरी होती. खडक नकाशात होता, पाण्यातही होता, फक्त कादंबरीत नव्हता. धडक बसली तेव्हा सगळी भांडी एकदम बोलली, आणि बाबा कपाळावर टेंगूळ घेऊन वर आले. त्यांनी खडकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे.

"कितवं पान?" त्यांनी विचारलं.

"एकशे ब्याऐंशी."

"खूण घालून ठेव. आणि पंप चालू कर."

एवढंच. मग अकरा शनिवार-रविवार ती याच यार्डात बोटीखाली उताणी पडून फुटलेला भाग घासत होती, रेझिनमध्ये भिजवलेली फायबरची कापडं एकावर एक चिकटवत होती. घरी सांगितलं होतं, तळाचा रंग चाललाय. बाबा उलट्या बादलीवर बसून चहा पीत आणि काही बोलत नसत. आठव्या की नवव्या रविवारी सकाळी धुकं होतं. जागा ओलसर होती. वाळायला दिवस द्यायला हवा हे तिला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी तिला एका माणसाबरोबर नाटकाला जायचं होतं, आणि बाबा नळावर कप धुवायला गेले होते. तिने कापड ओल्यावरच चिकटवलं, वरून रोलर फिरवला, पुढचे थर चढवले. नाटक वाईट होतं. माणूसही पुढे वाईटच निघाला. ठिगळ मात्र टिकलं, निदान वरून तरी, आणि बावीस वर्षं दर मोसमात बोट पाण्यात उतरली की पहिली रात्र ती झोपायची नाही.

आणि आता वरती तपासनीस एकेक करून सांगत होता की बाबांनी सगळ्यांची कामं गुपचूप पुन्हा केली होती. सगळ्यांची. म्हणजे तिचंही. नक्कीच. खिडकी गळली तर गादी भिजते, तीही ज्याने सोडली नाही, तो बोटीच्या तळातलं भोक कसं सोडेल? तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. बावीस वर्षांची भीती फुकट गेली होती. आणि शेवटच्या रविवारी ज्या एका कामाकडे बघून बाबांनी "छान" म्हटलं होतं, तेही सळई घातलेल्या दांड्यासारखंच होतं तर.

अकराला डॉक्टरबाई आल्या. गोल, हसऱ्या, डोक्यावर उन्हाचा चष्मा. आल्या आल्या त्यांनी बोटीच्या हिरव्या दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अरे वा! माझ्याकडे याहून वाईट तोंडं येतात."

तपासनीस खाली आला. हातोडीने पोट ठोकत पुढून मागे निघाला. टक, टक, टक, कोरडा, खणखणीत आवाज. कीलपाशी आवाज जड झाला.

"इथे जाडी जास्त असते," तपासनीस बोटीला म्हणाला. "इथे असाच येतो." आणि तो पुढे सरकला.

शेवटाला जाऊन त्याने हातोडी गळ्यात सोडली. "तळाला कधी काही लागलं होतं? खडक, वाळू?"

"कधीच नाही," आईने अगदी खात्रीने सांगितलं.

"मग माझ्याकडून हरकत नाही. म्हातारी आहे, पण तब्येतीला ठणठणीत."

आईने डोळे मिटून घेतले. जीव भांड्यात पडल्याचा आवाज यार्डभर ऐकू आला असावा. धाकट्याने पेन काढलं. डॉक्टरबाई थोरलीकडे वळल्या, कारण कागद तिच्या हातात होता.

"मी किती खूश आहे सांगू? मुलींना तर झोप नाही. जुळ्या आहेत माझ्या, आठ वर्षांच्या. उन्हाळ्यात पलीकडच्या बेटापर्यंत न्यायचं कबूल केलंय. एकीला पोहता येतं. दुसरी शिकतेय."

"कुठली दुसरी?" थोरलीने विचारलं. प्रश्नाला अर्थ नव्हता.

"जी जास्त बोलते ती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोंड मिटत नाही तोवर पोहायला कसं येणार?"

बाबांनी परत केलेलं असणारच, थोरली स्वतःला म्हणाली. मग बोलायची गरजच काय? आणि नसेल केलं तर? आणि केलं असेल तर तेही कळेल, कायमचं कळेल. तिला दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटत होती हे ठरवायला वेळ नव्हता, कारण धाकट्याने पेनाचं टोपण काढलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "कीलच्या मागे सहा बोटं. तिथे परत ठोका."

तपासनिसाने पहिल्यांदाच एका माणसाकडे पाहिलं.

"ताई?" धाकटा म्हणाला.

"खडकावर घातली होती मी. बावीस वर्षांपूर्वी. मी पुस्तक वाचत होते. दुरुस्त मीच केलं, आणि नीट केलं नाही. एक थर ओल्यावर चढवलाय."

आत्या चक्क गप्प होती; घराण्याच्या इतिहासात ही नोंद व्हायला हवी. धाकटा हिशेब करत होता. "बावीस वर्षं," तो म्हणाला. "म्हणजे माझी मुलं झाल्यावर आपण ज्या ज्या वेळी—"

"हो."

तपासनीस बोटीखाली वाकला, ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. "बसका आहे खरा," तो म्हणाला. "पण नुसत्या कानावर लिहिता येणार नाही. घासून उघडावं लागेल. त्याला मालकाची परवानगी लागते."

मालकीण आई होती. ती पुढे आली आणि लेकीकडे न बघता बोटीकडे बघून बोलली. तपासनिसाची सवय तिला लागली होती.

"मला आज ही बोट विकून घरी जायचंय," ती म्हणाली. "पंपाचा आवाज मला स्वप्नात येतो. तू हे काल का नाही सांगितलंस? परवा? बावीस वर्षांत एकदा? भाजी निवडताना?"

"कायदा होता ना."

"कायदा! ह्यांचा कायदा आणि तुमची सोय." आईने पदर खोचला. "मी त्याच्या बरोब्बर वर झोपायचे. उघडा. उघडा म्हणते मी."

ग्राइंडर लागला. निळा रंग उडाला, पांढरी धूळ उडाली, आणि सगळे वाकून बघत राहिले. डॉक्टरबाई सर्वांत पुढे, उन्हाचा चष्मा डोळ्यांवर ओढून. थोरली उभीच होती. तिला वरचे थर पाठ होते. आता दिसेल, आपल्या वाकड्यातिकड्या कापडांच्या जागी सरळ, घट्ट, बाबांच्या हातची कापडं दिसतील. आत्याचं रडगाणं सुरू होईल, आणि मग बोट विकली जाईल.

ग्राइंडर थांबला. आतून एक करडं, पिवळट पाणी ओघळलं आणि तपासनिसाच्या बाहीवर पडलं. वास आला.

"इथे," तो म्हणाला. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, आणि कापड ओल्या पुठ्ठ्यासारखं उलगडलं. कडा वाकडी होती. घाईने कापलेली, एका बाजूला दोन बोटं जास्त. थोरलीने ती ओळखली. स्वतःचं जुनं अक्षर ओळखावं तशी.

"याला कुणी हात लावला नाही," तपासनीस म्हणाला. "जसं केलं होतं तसंच आहे."

"बाहेरून दिसायला छान, आतून सडलेलं," डॉक्टरबाई रस घेऊन म्हणाल्या. "हे माझं रोजचं आहे. कुणी भरलं होतं हे? तुम्ही? आणि ओल असताना? छे छे छे."

"म्हणजे," धाकटा सावकाश म्हणाला, "माझ्या तारा बदलल्या. ज्यावर फार तर दिवा गेला असता. आईची खिडकी बदलली. आणि जे सगळ्या खानदानाला बुडवणार होतं, तेवढं एक सोडून दिलं?"

"विश्वास होता त्यांचा हिच्यावर," आई म्हणाली. पण तिला स्वतःलाच ते पटलेलं दिसलं नाही.

"विश्वास कसला डोंबलाचा," आत्या म्हणाली. "छाती झाली नाही त्याची. त्या वयातली ही आठवते का तुला? नाकावर माशी बसू द्यायची नाही. हिच्या कामाला हात लावला आणि हिला कळलं असतं तर? बाळ्या आयुष्यात दोघांना घाबरला. एक मी, आणि एक ही. माझ्या दांड्यात तरी त्याने चोरून सळई घातली."

"तुम्हाला घाबरायचे नाहीत ते," आई म्हणाली. "तुम्हाला टाळायचे."

थोरलीला हसू आलं. ते तिच्या मनात नव्हतं. नाकातून आलं, विचित्र आवाज करत, आणि मग थांबेना. बाबा वरच्या बंकवर घोरत पडलेले तिला दिसले, खाली हा असा ओला पुठ्ठा आणि त्याखाली अख्खा समुद्र. त्यांना कळलं होतं का? कप धुऊन येताना त्यांनी पाहिलं असेल? पाहून गप्प बसले असतील? की खरंच काही दिसलं नसेल, डोळ्यांवर चष्मा नसेल, धुकं, हातात ओला कप? आता ते कधीच कळणार नव्हतं, आणि कुठल्याच यादीत त्याला जागा नव्हती. ती टेकूला धरून हसत राहिली, आणि हसता हसता जे व्हायचं ते झालं. आईने पदराचं टोक पुढे केलं. कुणी पाणी आणायला धावलं नाही.

"विकून टाका," आत्या मध्येच म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"विका म्हणते. आजच्या आज. या बाईंना पोहता तरी येत असेल. तुमच्या हाती ही बोट राहिली तर पुढच्या वर्षी मला तुमच्या सगळ्यांचं एकदम उरकावं लागेल. माझं वय आहे का ते?"

"तुम्हीच तर सात महिने नको नको म्हणत होतात!" आई म्हणाली.

"मला काय माहीत तुम्ही खाली काय करून ठेवलंय?"

डॉक्टरबाईंनी हात झटकले. "हे बघा. मला बोट हवीच आहे. किडलेला दात कुणी सांगून दाखवला तर मी पेशंटला हाकलत नाही. सगळं सडकं काढायचं, कोरडं करायचं, नव्याने भरायचं. तीन आठवडे थांबते मी. करणार कोण?"

"यार्डवाले," आई म्हणाली.

"यार्डवाले," धाकटा म्हणाला.

"मी," थोरली म्हणाली.

"नाही!" हे तिघं एकदम म्हणाले. कुठल्याही विषयावर या तिघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"रजा वाढवून घेते मी. तपासनीस साहेब प्रत्येक थर बघून जातील. डॉक्टर बघतील. वाळल्याशिवाय पुढचा थर नाही. तुम्ही सगळे या आणि बघा."

"आम्ही कशाला?" धाकटा म्हणाला, पण तो बोलता बोलता वाकून भोकात बॅटरीचा उजेड टाकत होता. "ताई, उजवीकडेही पोकळ आहे बघ. त्या वेळी काय डोळे मिटून केलं होतंस?"

"नाटकाला जायचं होतं."

"कुणाबरोबर?" आई आणि आत्या एकदम म्हणाल्या.

थोरलीने तपासनिसाच्या हातून ग्राइंडर घेतला, अंगातला चांगला कोट काढून शिडीवर टाकला आणि बोटीखाली उताणी झाली. खडी पाठीला टोचली. करड्या पाण्याचा एक थेंब तिच्या गालावर पडला. तिने तो बाहीने पुसला.

"त्या उंच मुलाबरोबर?" आई डोकं खाली घालून विचारत होती. "ज्याने आपली छत्री नेली तो?"

"छत्री त्याने नाही नेली, बाळ्याने दिली होती, लवकर जावं म्हणून," आत्या म्हणाली. "अगं, हात वर धर जरा. वाकडं घासतेयस."

"आत्या, तिला कळतं."

"कळतं तर हे असं झालं असतं का?"

"कडेपासून आत या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नेहमी कडेपासून आत. आणि घाई नाही. तोंड उघडं ठेवू नका, धूळ जाईल."

"तुम्ही सगळे गप्प बसणार आहात का?" थोरलीने खालून विचारलं.

"नाही," आई म्हणाली, आणि खडीवर मांडी घालून बसली.

थोरलीने ग्राइंडर सुरू केला. तरी ऐकू येतच होतं.